शेंगेवरचं काज

परवा सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या आणि वास आला. अवरेकाईचा. पुण्याकडचे लोक तिला पावटा म्हणतात. म्हणू देत. पावटा म्हटलं की माझ्या नाकाला काही होत नाही, अवरे म्हटलं की होतं. आनेकलहून पहिल्या बसनं येणाऱ्या बायका आमच्या पेठेच्या तोंडाशी पोती उपडी करतात. शेंगांवर दव असतं, आणि त्या दवातून एक तेलकट, उग्र वास सुटतो. इथं त्याला सोगडु म्हणतात. बोटांना लागला की दोन दिवस साबणाचं ऐकत नाही. सगळं बेंगळूर त्या वासानं खुळं होतं. उप्पिटात अवरे, सांबारात अवरे, भातात अवरे. मी फळ्या परत लावल्या आणि आत जाऊन बसलो.

वय झालं की माणूस निवतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या बायका जिवंत असणार. माझा राग थंडीबरोबर वाढतो. डिसेंबर लागला की चढतो, संक्रांतीला डोक्यात जाऊन बसतो आणि बाजारातल्या शेंगा संपल्या की कुठं तरी उतरतो. लीलेला जाऊन या संक्रांतीला चार वर्षं होतील. आमचा सिनेमा विकला त्याला तीन.

आमचा सिनेमा म्हणतो, पण मी सिनेमावाला नाही, शिंपी आहे. आमचे पूर्वज छावणीचे तंबू शिवत इथवर आले आणि तंबू उठले तरी हे उठले नाहीत. मी शाळा केली चौथीपर्यंत, तीही कानडीत. मराठी घरातली. म्हणून हे लिहिताना कुठं चुकलं तर चुकलं.

सिनेमाचं नाव ‘दूरद हडगु’. म्हणजे दूरचं जहाज. समुद्रातलं नव्हे, आकाशातलं. एक कप्तानबाई असते, तिचं जहाज ताऱ्यांमध्ये वाट चुकतं, आणि ती घर शोधत हिंडते. पाच भाग निघाले, वीसेक वर्षांत. दर वेळी घर जवळ येतं आणि दर वेळी हुकतं. जहाज थर्माकोलचं होतं. खिडक्या कुकरच्या झाकणांच्या. कप्तानबाई जे चाक फिरवून जहाज वळवायची, ते माझ्या मोडक्या पायमशीनचं चाक. लोक हसायचे का? पहिल्या भागात हसले थोडे. दुसऱ्या भागापासून कुणी हसलेलं मी ऐकलं नाही. ज्याला दूरच्या गावाहून इथं येऊन पोट भरावं लागलं, अशा माणसाला कुकरची झाकणं दिसतच नव्हती. त्याला घर हुकलेलं दिसत होतं.

कपडे आम्ही शिवले. सिनेमाचा कपडेवाला माझं गिऱ्हाईक. पहिल्या भागाच्या वेळी तो निळ्या कापडाचा तागा घेऊन आला, जहाजावरच्या सगळ्यांना एकसारखी जाकिटं पाहिजेत म्हणाला. डाव्या बाहीवर, मनगटाजवळ, जहाजाचं चिन्ह हवं. चिन्हाचं चित्र कुठाय विचारलं तर म्हणे चित्रकार भांडून गावाला गेला, तुम्हीच काहीतरी घाला, आभाळातलं वाटलं पाहिजे. दिवस हेच. लीला दुकानाच्या मागच्या खोलीत अवरे सोलत बसली होती. पुढ्यात सुपात शेंगा. तिनं एक उचलली, कापडावर ठेवली, खडूनं भोवती रेघ मारली आणि साखळी टाक्यानं पिवळ्या दोऱ्याची शेंग भरायला घेतली. आत पाच दाणे. तासाभरात झाली. बघतो तर तिसऱ्या दाण्याच्या जागी तिनं मोकळं सोडलेलं.

हे काय म्हटलं. तर म्हणे शेंग किडकी आहे ना. भोक आहे तिथं.

मी चिडलो. चांगली शेंग नाही मिळाली तुला सुपात? सिनेमात किडकी शेंग दाखवायची? ती शांतपणे म्हणाली, "किडा शिरला म्हणजे आत काहीतरी गोड आहे. तुम्ही काज करा तिथं."

भरतकाम तिचं, काजं माझी. आमच्या दुकानात असंच चालायचं. मी मशीन चालवणारा माणूस, हाताचा नाजूक टाका मला कधी जमला नाही. पण काज मी हातानं करतो आणि माझ्यासारखं काज या पेठेत कुणी करत नाही, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. कापड चिरायचं, कडेनं दाट टाका घालायचा, तो इतका घट्ट की कापड फाटेल पण काज फाटणार नाही. मी बडबड करत तिच्या शेंगेत बटणाविना एक काज केलं. गोल. कपडेवाला आला, बघितलं, म्हणाला झकास, हे ग्रह झाले आणि हे मधलं काय? लीला म्हणाली, तुम्हीच ठरवा.

त्यांनी ठरवलं. शूटिंगच्या वेळी कप्तानबाईचं काम करणाऱ्या बाईला एक खोड लागली. विचार करताना ती त्या भोकात बोट घालून फिरवायची. दिग्दर्शकानं ते पाहिलं आणि ठेवलं. मग पाचही भागांत कप्तानबाईला घर आठवलं की ती उजव्या हाताचं बोट डाव्या बाहीवरच्या भोकात घालणार, आणि सगळं थेटर गप्प होणार. लोकांनी नावं दिली. कुणी म्हणालं ते काळं दार, त्यातून घरी जायची वाट आहे. कुणी म्हणालं तो विझलेला तारा. कॉलेजातली पोरं माझ्या दुकानासमोर उभी राहून वाद घालायची. मी आत बसून काजं करायचो. लीला हसून पदर तोंडात धरायची. किडा आहे रे बाबांनो, असं आम्ही कुणाला सांगितलं नाही. लोक एवढे मनापासून बोलत होते. कशाला सांगायचं?

हीच चूक झाली. पण ते पुढं.

थेटरातली रीतसुद्धा तिनंच पाडली, तीही चुकून. सिनेमाचे सगळे भाग संक्रांतीलाच लागायचे, म्हणजे ऐन अवरेच्या दिवसांत. पहिल्या भागाला आम्हाला पास मिळाले. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे येणार होते, त्यांना हितकिद बेळे, म्हणजे साल काढलेल्या दाण्यांचं कालवण, करायचं होतं. ते करायला दाणे रात्रभर भिजवतात आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल बोटांत राहते आणि दाणा सुळकन बाहेर उडतो. वेळखाऊ काम. लीलेला रिकामं बसणं माहीत नव्हतं. ती भिजलेले दाणे डब्यात घालून थेटरात घेऊन आली आणि अंधारात मांडीवर डबा ठेवून दाबत बसली. पडद्यावर दार उघडलं, धूर निघाला, कप्तानबाई पुढं आली. लीला पडद्याकडं बघत राहिली आणि चिमटीतला दाणा सुटला तो थेट पुढच्या माणसाच्या टकलावर.

तो मुनियप्पा. रिक्षावाला. तेव्हा तिशीचा असेल, पण टक्कल आताइतकंच. भांडण होणार म्हणून मी उठायच्या तयारीत. तो वळला, डबा बघितला, दाणा डोक्यावरून काढून तोंडात टाकला आणि तळहात पुढं केला. "अक्का, स्वल्प कोडी." थोडे द्या म्हणे. मग तो आणि त्याचा दोस्त पडद्याकडं दाणे उडवत बसले. दुसऱ्या दिवशी तो रिक्षावाल्यांची अख्खी रांग घेऊन आला, प्रत्येकाकडं भिजलेले अवरे. आपल्या नटावर कुणी फुलं उधळतं, कुणी दूध ओततं. आमच्या कप्तानबाईवर अवरे उडायचे. ती पडद्यावर आली की चारशे चिमट्या एकदम दाबल्या जायच्या. थेटरवाला पहिल्यांदा बोंबलला, मग गप्प बसला, कारण झाडणाऱ्या बायका टोपल्या भरून दाणे घरी न्यायला लागल्या आणि कामावर वेळेत यायला लागल्या.

मुनियप्पानं अभिमानी संघ काढला, म्हणजे चाहत्यांचा. संघात कोण नव्हतं? गिरणीतले, बँकेतले, आनेकलच्या कारखान्यातले, के. आर. पुरमहून रेल्वेनं येणारे कारकून. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या अंगात निळं जाकीट पाहिजे, आणि ते माझ्याच दुकानात शिवलेलं. शेंग लीला भरणार, काज मी करणार. संक्रांतीआधीचा महिना आमच्या घरात जेवण वेळेवर व्हायचं नाही. ती शेंगा सोलत सोलत शेंगा भरायची. पिवळ्या दोऱ्याला सोगडुचा वास लागायचा. लोक नवं जाकीट हातात घेतलं की पहिल्यांदा बाही हुंगायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

ती गेली ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. आजार लांबला होता, तरी आदल्या दिवशी तिनं दाणे भिजवले होते, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. सकाळी दाबू म्हणाली. सकाळ झाली ती ही अशी. तिसऱ्या दिवशी माणसं जरा पांगली, आणि मग मला ते गाठोडं मोरीच्या कोपऱ्यात दिसलं. उघडलं तर एकेका दाण्याला मोड. मला इतका संताप आला की सांगता येत नाही. कुणावर? दाण्यांवर. ती गेली आणि हे उगवतात. गच्चीवर गेलो आणि मातीनं भरलेल्या तेलाच्या फुटक्या डब्यात ओतून आलो. मेलात तर मरा.

मेले नाहीत. एक वेल आला. वर्षभर नुसता पानांचा माज करत राहिला आणि थंडी पडली तसा फुलला. त्याच महिन्यात बातमी आली.

मुनियप्पा रिक्षा दुकानासमोर उभी करून आला, हातात कानडी पेपर. बसला नाही. म्हणाला, "टेलर अण्णा, हडगु विकलं." जुन्या मालकानं सगळं विकलं होतं. नाव, पाचही भाग, कप्तानबाई, जहाज, चिन्ह. घेणारी कुठली मुंबईची मोठी कंपनी, केबलवर नवी वाहिनी काढणारी. संक्रांतीला पाचवा भाग पुन्हा लागणार होता, पण त्यांच्या पद्धतीनं छाटून, धुऊन पुसून. मग हिंदीत. मग नवे भाग, नवी बाई.

त्या आठवड्यात माझ्या दुकानाचं रेल्वे स्टेशन झालं. संघातले येत, रडत, भांडत. एकानं जुन्या मालकाचा फोटो जाळू म्हटलं. एकानं उपास धरला आणि दुपारी इडली खाताना सापडला. तरुण पोरं म्हणायची, बरं झालं की, आता पैसा ओततील, जहाज खरं दिसेल, कुकरची झाकणं जातील. मी त्यातल्या एकाचं शिवायला टाकलेलं कापड काढून त्याच्या हातात दिलं आणि दुसरा शिंपी बघ म्हणून सांगितलं. चुकलं असेल. माफी मागणार नाही. ज्याला झाकणं काढायचीत त्यानं आमचा सिनेमा पाहिलेलाच नाही.

जुन्या मालकाकडं मी स्वतः गेलो. माणूस वाईट नव्हता. थकलेला, पायावर शाल, मुलं परदेशात. कॉफी दिली. म्हणाला, टेलर, सिनेमा माझा होता, मी विकला, आता मला सांभाळायचं होत नाही. बरोबर आहे. मी म्हटलं, सिनेमा तुमचा, पण शेंग कुणाची? तो गोंधळला. कसली शेंग? ग्रहांचं चिन्ह आमच्या कपडेवाल्यानं काढलं, म्हणाला. मी सांगितलं काय ते. सूप, खडू, किडकी शेंग, काज. त्यानं कप खाली ठेवला. कपडेवाला केव्हाच वारला होता. मालक म्हणाला, "वीस वर्षांत तू एकदाही बोलला नाहीस. आता मी काय करू?"

कॉफी तशीच ठेवून आलो. वाटेत त्याला शिव्या दिल्या. पण बोललो नव्हतो हे खरं होतं.

मग कागद आला. इंग्रजीत, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर. वाचून दाखवला मृदुलानं. ही पुण्याची पोर, कंप्युटरच्या नोकरीसाठी इथं आलेली. लहानपणी रविवारी दुपारी टीव्हीवर खाली इंग्रजी अक्षरं वाचत तिनं हडगु पाहिलेलं. कानडी तिला येत नव्हतं, पण कप्तानबाईचे संवाद तोंडपाठ. इथं आल्यावर पहिल्यांदा तिनं माझं दुकान शोधलं होतं. ऑफिसच्या कंप्युटरवरून ती जगभरच्या हडगुवेड्यांना पत्रं पाठवत होती, आणि तिकडूनही लोक चिडून लिहीत होते म्हणे. तिनं सांगितलं, काका, यात लिहिलंय की ते चिन्ह आता कंपनीचं आहे. तुम्ही ते शिवायचं नाही. आणि कंपनीनं ते नीट केलंय. कागदाला नमुना जोडला होता. पाच वाटोळे पिवळे गोळे, ओळीत, गुळगुळीत. शेंग नाही. भोक नाही. तिसऱ्या जागी टुमदार दाणा बसवलेला. सिनेमातूनही बोट घालायचे प्रसंग काढलेत, कारण ते कुणाला कळत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं.

मी तो कागद घेतला आणि टाचण्यांच्या उशीवर टाचणीनं टोचून ठेवला. दुसरं काय करणार?

मृदुला हुशार. म्हणाली, "काका, अगदी पहिला सॅम्पल आहे का? काकूंनी केलेला? तो असेल ना, तर आपण फाइट करू शकतो. डेफिनेटली."

होता. पहिली शेंग लीलेनं सिनेमाला दिलीच नव्हती. निळ्या कापडाच्या त्या तुकड्यावर तिच्या शेंगेत पहिल्यांदा काज केलं होतं, आणि मागं कपडेवाल्यानं स्वतःच्या हातानं कानडीत लिहिलं होतं की नमुना पसंत, सही, पहिल्या भागाचं नाव. ती तो दोऱ्यांच्या पेटीत सगळ्यात वर ठेवायची. दर संक्रांतीला काढून बघायची, परत ठेवायची. मी पेटी आणली. मुनियप्पा होता, मृदुला होती. मी रिळं काढली, अंगुस्तान काढलं, बटणांची डबी, चिंध्या, लेस. पेटी उलटी केली. मग माझे हात थांबले.

आमच्या घरची एक चाल आहे. शिवणारं माणूस गेलं की त्याची सुई त्याच्याबरोबर जाते. उघडी सुई द्यायची नाही, कापडात खोचून खांद्यापाशी ठेवायची. माझ्या बापाची अशी गेली, आईची गेली. त्या दिवशी तिला न्यायच्या वेळी बायका म्हणाल्या, सुई आणा. मी पेटी उघडली, वर जो तुकडा हाताला लागला त्यात सुई खोचली आणि तिच्या पदरात ठेवली. बघितलं नाही. निळं होतं एवढं आठवतं. बघायला डोळे जागेवर पाहिजेत ना.

म्हणजे नवा मालक आला त्याच्या अकरा महिने आधीच मी स्वतःच्या हातानं ते जाळून आलो होतो.

मी दोघांना सांगितलं. मृदुला रडायला लागली, त्याचाही मला राग आला. मुनियप्पा मात्र पहिल्यांदा खाली बसला, माझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी जमिनीवर. म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे. अक्काचं होतं, अक्काबरोबर गेलं. कंपनीला नाही मिळालं." नंतर त्यानं सगळी रिळं एकेक करून पेटीत परत भरली. रंगवार लावून. ऑटो चालवणारा माणूस. मी त्याला त्यापूर्वी कधी चहा नीट विचारला नव्हता.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस दुकानात आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, आणि मराठीच निघाला. वाकून नमस्कार केला. मला भांडायला कुणी गुंड पाहिजे होता आणि पाठवला असला. तो म्हणाला, आजोबा, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. कंपनीची जाकिटं तुम्हीच शिवा, नव्या चिन्हासकट. फक्त ते भोक नको, ते डिफेक्ट वाटतं.

मी म्हटलं, "ते भोक मी पाडलंय. माझ्या बायकोनं सांगितलं म्हणून."

तो हसला, वाईट मनानं नाही. मग म्हणाला, मी समजू शकतो, पण चिन्ह आता आमचं आहे, शेंग म्हणा, ग्रह म्हणा, ते शिवू नका. बाकी तुमचं काम कोण अडवतंय, काजं-बटणं खुशाल करा.

तो गेला. काजं खुशाल करा, म्हणाला होता. मग मुनियप्पाला निरोप धाडला की संघातल्या सगळ्यांची जाकिटं पाठव. नवी, जुनी नव्हेत. कुठूनही शिवून घ्या, बाही कोरी ठेवा.

ते वीस दिवस मी जेवढं काम केलं तेवढं जन्मात केलं नाही. जाकिटांचा ढीग छताला. निळ्या बाहीवर, मनगटाजवळ, जिथं तिसरा दाणा असायचा तिथं मापून एक काज. गोल, दाट, पिवळ्या दोऱ्याचं. आजूबाजूला काही नाही. एकही टाका नाही. डोळ्यांतून पाणी यायचं ते दोऱ्यामुळं. पहिल्यांदा वाटलं शेंग आपणही भरून बघावी, एका चिंधीवर. बघितली. शेंग कसली, ती सुरवंटासारखी दिसत होती. चिंधी टाकून दिली. शेंग मला येत नाही. भोक येतं.

शेजारची बाई रोज सोललेले अवरे वाटीत आणून ठेवायची आणि मी रोज परत पाठवायचो. तिनं एकदा दारातूनच सुनावलं, अण्णा, अवरेनं तुमचं काय वाकडं केलंय? गच्चीवर वेल शेंगांनी वाकला होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वर गेलो आणि मूठभर तोडल्या. सोलल्या. अर्ध्या किडक्या. दाणे भिजत घातले.

संक्रांतीला थेटराच्या दारात कंपनीची माणसं उभी. पिशव्या तपासत होती. अवरे आत न्यायचे नाहीत, नवा नियम, गाद्या खराब होतात. डबे काढून घेत होते, दाराशी ढीग झाला होता. चिन्ह असलेलं जाकीट दिसलं तर उतरवून ठेवायला सांगत होते. आणि आमची माणसं येत गेली. रिक्षावाले, कारकून, कारखान्यातले, मृदुला, आणि ज्याचं कापड मी परत केलं होतं तो पोरगाही. सगळे निळे. दारातला माणूस प्रत्येकाची बाही धरून बघत होता. बाहीवर चिन्ह नाही. नुसतं एक काज, बटण नसलेलं. हे काय, त्यानं मुनियप्पाला विचारलं. मुनियप्पा म्हणाला, टेलरचं वय झालंय, बटण लावायला विसरला. एकेक जण तेच सांगत आत गेला. टेलर विसरला. टेलर विसरला. दारातल्या माणसाच्या हातात कंपनीचा कागद होता. त्यात शेंग होती, गोळे होते, काजाबद्दल काही नव्हतं. त्यानं सगळ्यांना सोडलं. माझे खिसे तपासले नाहीत. म्हाताऱ्याचे खिसे कोण तपासतो?

सिनेमा सुरू झाला. पाच गुळगुळीत गोळे आले आणि गेले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मुनियप्पानं ती धरून ठेवली होती, कुणाला बसू दिलं नाही. तो स्वतः पुढच्या रांगेत, नेहमीच्या जागी. ज्या ठिकाणी कप्तानबाईला घर आठवतं ते आलं. त्यांनी बोट छाटलं होतं, चित्र एकदम पुढं उडी मारून गेलं, कुणाला कळलंही नसतं. पण त्या क्षणी मी इकडंतिकडं पाहिलं, तर अख्ख्या थेटरात अंधारात निळ्या बाह्या वर आलेल्या, आणि प्रत्येकाचं बोट माझ्या काजात.

राग गेला असं नाही. आजही आहे. कंपनीनं नवा भाग काढला, चालला म्हणे, खरं जहाज, खरा धूर. मी पाहिलेला नाही, पाहणार नाही. शेंग त्यांनी घेतली ती घेतली, मृदुलाच्या पत्रांनी आणि संघाच्या उपासांनी काही परत आलं नाही. आणि जो नमुना मी जाळला त्याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून सापडलेलं नाही. जुन्या मालकावर काढून झाला, नव्यावर झाला, शेजारणीच्या वाटीवर झाला.

पण आज दुपारी, फळ्या लावून आत बसलो असताना, मी उठलो आणि आनेकलच्या बायकांकडून अवरे आणले. सूप पुढं घेतलं. आता हे लिहितोय तेव्हा बोटांना सोगडु आहे, आणि मला त्या थेटरातलं पुढचं आठवतंय.

कप्तानबाई शेवटी दारातून बाहेर येते. चारशे चिमट्या दाबल्या जायच्या ती जागा. त्या दिवशी कुणाच्या हातात काही नव्हतं, सगळं दाराशी ढिगात. मी खिशात हात घातला. रुमालात वेलाचे सात-आठ दाणे होते. एक काढला आणि चिमटीत धरला. मला हे काम येत नाही, ते तिचं. दाबला, साल बोटांत राहिली, दाणा सुटला आणि टप्प करून मुनियप्पाच्या टकलावर बसला.

तो मागं वळला नाही. पडद्याकडं बघत, डोक्यावरून हळूच हात फिरवत त्यानं कानडीत विचारलं, "अक्का, बंद्रा?" अक्का, आलात?

मी रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

"बंदळु," म्हटलं. आली.